योगक्षेम आणि पावसाची वाट

वारकरी सज्जनहो, ज्येष्ठ लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन वाटांकडे डोळे लागतात. एक पंढरीची आणि दुसरी पावसाची. शेगावहून श्रीगजाननमहाराजांची पालखी निघते, मुक्ताईची पालखी मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा अशी पुढे जाते. आणि त्याच सुमारास मृग लागून पेरणीची लगबग उडते. कीर्तन आटोपले की बुक्का लावता लावता लोक पुसतात, "महाराज, पानी कवा येईन?" आम्ही म्हणतो, बाबांनो, ते ठाऊक असते तर आम्ही वीणा खुंटीला टांगून पंचांगच विकले नसते का!

पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवावर भार टाकावा असे आम्हीच रोज सांगतो. तर तो भार कोणता, याचा विचार केला पाहिजे.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे वचन दिले आहे. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळणे, आणि क्षेम म्हणजे मिळालेले राखणे. आता त्या श्लोकात एक शब्द नीट पाहावा. 'नित्य' हा शब्द आहे, पण तो भक्ताच्या बाजूला आहे. भक्ताने नित्य जोडलेले असावे. देव वाहीन म्हणतो, अमुक तिथीला आणून टाकीन असे म्हणत नाही. आम्ही मात्र नेमके उलटे करतो. स्वतःचे नित्य सोडतो आणि देवाकडून तिथी मागतो! ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या प्रार्थनेतही आजच्यापुरतीच भाकर मागितलेली आहे, वर्षाचे पोते नव्हे. श्रद्धेची जात सगळीकडे एकच.

आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला सायंकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातील फेरफार पाहून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. या जुन्या चालीशी आमचे भांडण नाही. उमेद यावी म्हणून ऐकावे. पण तिफण धरायची ती जमिनीची ओल पाहून. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय पेरू नये, असे शेतकीखाते सांगते. त्यात अश्रद्धा कसली? ओल देणे देवाकडे, ओल पाहणे आपल्याकडे. न पाहता सोयाबीन टाकावे आणि मग देवाने राखावे म्हणणे, याला आम्ही भरवसा म्हणत नाही.

बरे, सगळे पाहून केले तरीही पाऊस दडी मारतो. दुबार पेरणी होते, कर्ज वाढते आणि माणूस घरात गप्प बसतो. या जिल्ह्यात कित्येक घरांतील कर्ते पुरुष अशा गप्पपणातूनच गेले. त्या दारात जाऊन "देवाची इच्छा" असे बोलणाऱ्याची आम्हांस चीड येते. पावसाचा उशीर हा पापाचा हिशेब नव्हे, आणि देवाने पाठ फिरवली असाही त्याचा अर्थ नव्हे.

तुकोबारायांकडे पाहा. १६२९ ते १६३१ च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. जगद्गुरूंच्या घरी पाऊस वेळेवर आला नाही! मग त्यांनी काय केले? गावचे मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ सावरले, आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची ऋणकोंची खते इंद्रायणीत सोडली. देवाच्या वेळेची वाट पाहत असता त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यातील फास आधी काढला. ज्याचे देणे दुसऱ्याकडे आहे अशा सावकार-माळकऱ्याने हे प्रकरण पुन्हा वाचावे. एकादशीचा फराळ त्याने थोडा उशिरा केला तरी चालेल.

पुष्कळ घरांतून असे होते की एक भाऊ दिंडीत जातो आणि एक वापशाची वाट पाहत मागे राहतो. मागे राहणारा हळहळतो, "दादा, यंदा आमची वारी चुकली." त्याने आषाढीला, पेरून झालेल्या वावराच्या बांधावर उभे राहून, पंढरीच्या दिशेने हात जोडावे. परतलेल्या भावाने प्रसाद आधी त्याच्या हातावर ठेवावा, आणि दोघांनी मिळून उगवण पाहायला जावे.