सोबत की ऐवजी? कर्करुग्णाला वाट दाखवताना

वस्तीत कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की दुसऱ्या दिवसापासून दारात सल्ल्यांची रांग लागते. कुणी लांबच्या वैद्याची पुडी आणतो, कुणी मटण-अंडी 'उष्ण' म्हणून बंद करायला लावतो. अशा घरात जाणारी सोबतीण आपल्यातलीच हवी, म्हणून आम्ही दर रविवारी विहारात काही भगिनींना शिकवतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहिले : 'सोबत' आणि 'ऐवजी'. ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालू ठेवून त्यासोबत सकस जेवण, हलका व्यायाम, आनापान, मनाला आधार, हा एकात्मिक उपचार. ते सोडून त्याऐवजी नुसती पुडी, हा घात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा 2018 सालचा अभ्यास आहे. आजार शरीरभर पसरलेला नसतानाही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

हे सांगणे सोपे. विचारणे अवघड. आम्ही वॉर्डात काम करत असताना एका आजींच्या उशीखाली चूर्णाची पुडी सापडली. आम्ही त्यांना सगळ्यांसमोर रागावलो. मग पुडी उशीखालून कनवटीला गेली. रक्ताच्या तपासणीत लिव्हर बिघडल्याचे दिसले, केमो पुढे ढकलावी लागली, तेव्हा कुठे आजी बोलल्या. चूक आमच्या तोंडाची होती.

म्हणून वर्गात जास्त वेळ याच सरावाला देतो. एक रुग्ण होते, दुसरी विचारते, "मावशी, दवाखान्याच्या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? दाखवा मला. पुढच्या तारखेला सोबत नेऊ." पुडी फेकायची नाही, फाईलसोबत पिशवीत ठेवायची. "डॉक्टरांना ऐकायला वेळच नसतो," असे एकीने सुनावले. खरे आहे. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाईलवर टाचायचे.

भाजीतली हळद चालते; हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्या लिव्हरला बाधू शकतात. तोंड आले तर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. डाळ, मासे, अंडी जरूर द्यावीत, पण पूर्ण शिजवून. आनापानाने धास्ती कमी होते, झोप लागायला मदत होते. गाठ त्याने विरघळत नाही, हे आम्ही विहारात बसूनच स्पष्ट सांगतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीकडून तीनदा म्हणवून घेतो. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. काही तासांत जीवावर बेतू शकते. घरची क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. येत्या रविवारी थर्मामीटर वाचायला शिकू. घरात असेल तिने आणावा.