घरघर, खरखर आणि माणसाचा आवाज

गॅदरिंग संपतं, मांडववाला खुर्च्या घेऊन जातो, आभारप्रदर्शनात कुणाचं नाव राहिलं यावरून रुसवेफुगवेही होऊन जातात. मग एकच प्रश्न उरतो : "व्हिडिओ कधी मिळणार?" चित्राचं एडिटिंग हल्ली कुणीही करतं. कट मारायचा, टायटल टाकायचं, खाली एखादी धून सोडायची. घोडं अडतं ते आवाजापाशी. पाहुणे बोलताना दिसतात, ऐकू मात्र पंखा येतो! चित्र जरा अंधुक असलं तरी बघणारा चालवून घेतो. शब्दच कळला नाही तर तो दोन मिनिटांत व्हिडिओ बंद करतो.

कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करता करता या विषयात जे काही हाती लागलं ते इथे मांडते आहे. डीएसपी विषय असणाऱ्यांना यात जुने ओळखीचे चेहरे भेटतील. बाकीच्यांनी घाबरू नये, लेखात एकही इंटिग्रल नाही.

आधी रोग ओळखा

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे नको असलेल्या प्रत्येक आवाजाला माझ्याकडे एकच शब्द होता, तो म्हणजे नॉइज. माझी रूममेट शेजारी बसून ऐकायची आणि म्हणायची, "अगं, ही पंख्याची घरघर, ही माइकची खरखर, आणि मागे पोरांचा कलकलाट. तिन्हीला एकच औषध कसं चालेल?" ती सिव्हिलची, पण निदान अगदी बरोबर होतं. मराठीत या आवाजांना वेगवेगळी नावं आहेत आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं औषधही वेगळं आहे.

घरघर आणि खरखर : पंखा, कूलर, एसी, लांबचा जनरेटर यांची घरघर, स्वस्त माइक किंवा वाढवलेल्या गेनची खरखर. यांचा स्वभाव सरळ असतो. पहिल्या मिनिटाला जशी, तशीच विसाव्या मिनिटाला. जे बदलत नाही ते ओळखता येतं, म्हणून यांच्यावर सॉफ्टवेअर चांगलं चालतं.

गुंऽऽ असा एकसुरी आवाज : ही विजेची देणगी. आपल्याकडचा पुरवठा 50 हर्ट्झचा, त्यामुळे हा आवाज 50, 100, 150 अशा पटींत बसतो. इलाज म्हणजे नॉच फिल्टर, तोही अगदी अरुंद. कारण पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. 100 वर रुंद खड्डा खणलात तर सरांचा आवाजच त्यात पडेल!

सूंसूं : मैदानावरचा वारा. तो माइकच्या पडद्यावर आपटतो आणि बहुतेक खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. 80 ते 100 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर बराचसा अडवतो. माइकवर फोमची टोपी घातली तर त्याहून बरं.

खडखड, खणखण : खुर्ची सरकली, ताट पडलं, कुणी माइकवर टिचकी मारली. हे क्षणभरच असतं. शब्दांच्या मधे असेल तर तेवढाच तुकडा खाली दाबायचा. पूर्ण फाइलवर इफेक्ट लावण्याची गरज नाही.

कलकलाट : मागच्या रांगेतल्या गप्पा. इथे साधं सॉफ्टवेअर हात टेकतं. नको असलेला आवाजही माणसाचाच, त्याच फ्रिक्वेन्सीत, त्याच लयीत. कोण पाहुणा आणि कोण आपला बॅचमेट, हे त्याला कसं कळणार?

घुमणं : हॉलच्या भिंती बोलणं परत फेकतात. हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला असाच एक व्याख्यान-हॉल दुरुस्त करायला दिला होता. तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. सबाइनने शेजारच्या थिएटरातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून, मांडून, मोजमापं घेतली आणि घुमण्याचं सूत्र शोधलं : हॉल जितका मोठा तितकं घुमणं जास्त, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकं कमी. गुळगुळीत फरशी, काचा आणि पत्र्याचं छप्पर असलेला हॉल का घुमतो आणि माणसांनी भरला की का सुधारतो, ते यावरून कळतं. व्हिडिओत घुसलेलं घुमणं नंतर काढणं मात्र फार अवघड.

फाटणं : साउंडवाल्यांचा हा नेहमीचा शब्द. आवाज रेकॉर्डरच्या मर्यादेबाहेर गेला की लाटेचा माथा कापला जातो. कापलेला माथा नंतर अंदाजानेच जोडावा लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना सर्वात मोठा आवाजही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. 1999 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. यात 'नॉइज रिडक्शन' दोन पायऱ्यांत चालतं. पहिली पायरी : ज्यात फक्त पंखा आहे, बोलणं नाही, असा तुकडा निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं. दुसरी पायरी : सगळं भाषण निवडून किती डेसिबल कमी करायचं ते सांगायचं.

आत काय होतं? आवाजाचे छोटे छोटे तुकडे पडतात. 48 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये 2048 सॅम्पलचा तुकडा म्हणजे सुमारे 43 मिलिसेकंद. प्रत्येक तुकड्याचं एफएफटी होतं, म्हणजे त्याच्या साधारण 23-23 हर्ट्झच्या पट्ट्या होतात. प्रोफाइलवरून सॉफ्टवेअरला ठाऊक असतं की पंखा कुठल्या पट्टीत किती आहे. एखादी पट्टी पंख्याच्या पातळीपेक्षा वर नसेल तर ती दाबायची, वर असेल तर राहू द्यायची. स्टीव्हन बोल यांनी 1979 साली मांडलेली स्पेक्ट्रल सबट्रॅक्शनची कल्पना याच घराण्यातली. एम-थ्रीच्या पेपरात फूरिये बघून ज्यांनी कपाळावर हात मारला होता, त्यांनी आता तोच हात जोडावा!

अडचण अशी की आपल्या बोलण्याचेही काही भाग पंख्याइतकेच हळू असतात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजनं म्हणजे नुसती हवाच. त्यांची ताकद वरच्या फ्रिक्वेन्सीत आणि तीही थोडी. सॉफ्टवेअरला ती खरखरच वाटते. मराठीत तर 'चार' आकड्यातला 'च' वेगळा आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला वेगळा. हा फरकही त्या वरच्या भागातच कळतो. जास्त साफ केलं की आधी हे बारकावे जातात. वर अधूनमधून दाबल्या न गेलेल्या पट्ट्या किणकिण करत राहतात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

किती साफ करायचं याची एक सोपी परीक्षा आहे. त्याच खिडकीत 'रेसिड्यू' असा पर्याय असतो. त्यात आपण काढून टाकत असलेला भाग ऐकू येतो. तिथे नुसता पंखा ऐकू आला तर ठीक. तिथे शब्द ऐकू यायला लागले, तर समजा की कचऱ्याबरोबर धान्यही चाललंय.

तीन मिनिटांचं भाषण

हे सगळं किती महत्त्वाचं आहे ते मला गेल्या वर्षी कळलं. आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी काम सोडून गावी निघाल्या होत्या. मेसमध्येच निरोपाचा कार्यक्रम झाला. डोक्यावर चार पंखे, कोपऱ्यात कूलर, ताटांची आवराआवर चालू. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि तोही छातीपासून लांब, हातभर अंतरावर धरला. जेमतेम तीन मिनिटं बोलल्या. त्यांच्या मुलाने सांगितलं, "आईच्या आवाजाचं असं दुसरं काही आमच्याकडे नाही. कॉपी द्या."

मी तो आवाज तीन वेगवेगळ्या प्रकारे साफ करून मुलींना ऐकवला. 24 डेसिबल कमी केल्यावर पंखा जवळजवळ गायब. पण मावशी म्हणाल्या होत्या, "पोरींनो, माहेर सुटल्यासारखं वाटतंय," त्यातले दोन्ही 'स' गेले आणि ऐकू आलं ते 'उटल्याआरखं' असं काहीतरी. एका एआय टूलमधून काढलेला आवाज तर स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा लख्ख होता. फक्त त्यात मावशींचा घोगरेपणा नव्हता. पहिलीच मुलगी ऐकून म्हणाली, "या मावशी नाहीत, बातम्या देणारी बाई आहे!"

शेवटी जी फाइल दिली ती अशी : 100 हर्ट्झचा हाय-पास, फक्त 9 डेसिबल नॉइज रिडक्शन, ताटांचा आवाज जागच्या जागी दाबलेला, आणि मावशी हळू बोलल्या तिथे हाताने व्हॉल्यूम वाढवलेला. पंखा त्यात ऐकू येतो. पण ही फाइल गावी मोबाइलवर ऐकली जाणार होती. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालची घरघर फारशी बाहेर पडतच नाही. 'स' मात्र पडतो. ऐकणारा कशावर ऐकणार, हे आधी विचारलं की निम्मे निर्णय सोपे होतात.

मधे मावशी सात-आठ सेकंद गप्प झाल्या होत्या. कमिटीतल्या काहीजणी म्हणाल्या, हे कापून टाक, व्हिडिओ टाइट होईल. मी कापलं नाही. तिथे नुसता पंखा आहे, हे खरं. पण त्या वेळी मेसमध्येही नुसता पंखाच होता, आम्ही सगळ्या गप्प होतो.

मग एआय वाईट का?

अजिबात नाही. 2017 साली जाँ-मार्क वालाँ यांनी खुलं केलेलं आरएनएनॉइज आज ओबीएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही आहे. बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता, हे ते असंख्य नमुन्यांवरून शिकलेलं असतं, म्हणून बदलत्या गोंगाटातही कामाला येतं. पण काही नवी टूल्स नुसता कचरा काढत नाहीत, तर आवाज नव्याने तयार करतात. जिथे शब्द कळत नाही तिथे ती अंदाजाने काहीतरी भरतात. सूत्रसंचालनाला हे चालेल. एखाद्याच्या निरोपाचं भाषण किंवा जुन्या सरांची मुलाखत असेल तर प्रत्येक वाक्य मूळ फाइलशी ताडून पाहा. आणि मूळ फाइल कधीही डिलीट करू नका. पाच वर्षांनी याहून चांगलं टूल येईल, तेव्हा तीच लागेल.

खरी सफाई आधीच

सगळ्यात स्वस्त नॉइज रिडक्शन म्हणजे माइक तोंडाजवळ नेणं. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने वाढतो. कॅमेरा 32 फुटांवर आहे आणि माइक 1 फुटावर आणला, तर अंतर पाच वेळा निम्मं झालं, म्हणजे 30 डेसिबल फायदा. पंखा मात्र आहे तेवढाच! म्हणून :

1. एखादा जुना मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून पोडियमवर किंवा वक्त्याच्या वरच्या खिशात ठेवा.

2. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर हात वर करून मोबाइलजवळ एक टाळी वाजवा. दोन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवा. कॅमेरा 20 मीटर मागे असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायला सुमारे 59 मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास दीड फ्रेम. म्हणून टाळी कॅमेऱ्याच्या आवाजावर न जुळवता तळहात भेटतात त्या चित्रावर जुळवा.

3. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आउटपुट मिळालं तर उत्तमच. पण ते लाइन लेव्हलचं असतं, थेट माइक इनपुटला लावलंत तर फाटेल. शिवाय त्यात टाळ्या आणि हशा जवळजवळ नसतो. तो कॅमेऱ्याच्या आवाजातून थोडा मिसळा, नाहीतर प्राचार्यांचा विनोद फुकट जाईल.

4. भाषणाआधी दहा सेकंद हॉल शांत मिळाला तर तेच तुमचं प्रोफाइल. नाही मिळाला तर वक्ता माइकसमोर येऊन घसा खाकरेपर्यंतचा अर्धा सेकंदही पुरतो.

5. एडिटिंगचा क्रम : हाय-पास, नॉच, नॉइज रिडक्शन, मग ईक्यू, त्यानंतर कॉम्प्रेसर आणि शेवटी आवाजाची पातळी. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो पंख्यालाही वर उचलतो.

6. शेवटी हेडफोन काढा आणि साध्या मोबाइलवर, मेसच्या गलक्यात ऐका. तिथे शब्द कळले तर पास!

हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींना आणि स्टाफलाही एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाला वक्ता उभा राहिला की त्याच्या जवळचा एखादा पंखा तेवढ्यापुरता बंद करा. दहा मिनिटं थोडं उकडेल. पण एडिटिंगच्या टेबलावर रात्रभर बसूनही जे जमत नाही, ते त्या एका बटणाने होतं.