आपले गाव औंध संस्थानात होते
(इयत्ता ४ थी)

आपला आटपाडी तालुका आज सांगली जिल्ह्यात आहे. पण १९४८ सालापर्यंत आपला भाग औंध संस्थानात होता. आज ते संस्थान नाही. त्याची माहिती मी गुरुजींना व घरी विचारून लिहिली आहे.

संस्थान कसे होते?
संस्थानात ७२ गावे होती. पण ती एका जागी नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे तुकडे होते. मध्ये दुसऱ्यांची हद्द लागायची. आता औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहे आणि गुणदाळ तर कर्नाटकात आहे! मी नकाशात रंग भरला, तेव्हा चार ठिपके झाले.

राजेसाहेब
भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे. ते स्वतः चित्रे काढत. रोज सूर्यनमस्कार घालत आणि शाळेतल्या मुलांनाही घालायला लावत. १९१० साली त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ माळरान दिले. तीच किर्लोस्करवाडी. औंधचे वस्तुसंग्रहालय त्यांनीच उभारले.

रयतेचे राज्य
बाकीचे राजे आपले राज्य वाढवत. आमच्या राजांनी ते रयतेला देऊन टाकले. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधला नवी राज्यघटना लागू झाली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा ८ वर्षे होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खटपट केली. महात्मा गांधींनी सल्ला दिला.
गावाने पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची. तालुक्याचे प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात बसायचे. म्हणजे कारभार खालून वर जायचा.
माझा आज्जा सांगतो, "माझा बाप म्हणायचा, पंच देवळात बसायचे. हिरीचा गाळ काढायचा असला तरी गावच ठरवायचं. राजाच्या हुकमाची वाट कोण बघत नव्हतं."

स्वतंत्रपूर
त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत झाली. तिला भिंत नाही. कैदी बायकामुलांबरोबर राहून शेती करत. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा काढला.

पुढे काय झाले?
८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपली शाळा परिषदेचीच आहे.

गावाने काय करावे?
जिल्ह्याचे नाव बदलले, पण शाळा गावातच राहिली. आता पट कमी झाला आहे. लहान शाळा लांबच्या मोठ्या शाळेत मिसळणार, असे मोठी माणसे बोलतात. तसे झाले तर पहिलीची पोरं ओढा ओलांडून कशी जातील? पूर्वी गाव बसून ठरवत असे. आताही ग्रामसभा आहे. पालकांनी येत्या ग्रामसभेला जरूर जावे व शाळेविषयी बोलावे. आम्हा मुलांना तिथे मत नाही, म्हणून मी इथे लिहिले.

सांगा पाहू!
१. औंध संस्थानात किती गावे होती?
२. गावाने किती पंच निवडायचे?
३. सांगली जिल्ह्याचे आधीचे नाव काय?