मूल बोलत नाही, यात आईचा दोष नाही

गेल्या वर्षी लसीकरणाच्या चौकशीसाठी आम्ही वस्तीतल्या एका घरी गेलो होतो. तीन वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून डब्याचे झाकण गरगर फिरवत होता. नावाने हाक मारली, वळून पाहिले नाही. आम्ही काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "ताई, मी धुण्याभांड्याला जाते, पोराकडं लक्ष देत नाही, म्हणून तो असा झाला. सगळे तेच म्हणतात." मुलाच्या दंडात ताईत होता. दवाखान्यात मात्र त्याला कुणी नेले नव्हते.

अशा मुलांमध्ये स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असू शकतो. त्या आईला आम्ही जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत.

डॉक्टरांचीही चूक झाली होती

1943 मध्ये अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमत आणि रोजच्या क्रमात बदल झाला की अस्वस्थ होत. हा वेगळेपणा जन्मतःच असावा असे कॅनर यांनी लिहिले होते. पण पुढे त्यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी आईबापांच्या कोरडेपणावर बोट ठेवले. आईने माया लावली नाही म्हणून मूल असे झाले, हा समज शिकल्यासवरल्या लोकांतही बरीच वर्षे टिकला.

तो मोडून काढण्यात पालकच पुढे होते. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. त्यांनी इतर पालकांसोबत 1962 मध्ये संस्था उभी केली, लोकांना समजेल अशा भाषेत लिहिले. अजिबात न बोलणाऱ्या मुलापासून भरपूर बोलणाऱ्या पण माणसांत गोंधळणाऱ्या व्यक्तीपर्यंत स्वमग्नतेची अनेक रूपे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. 1969 मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या सभेत पालक दोषी नसल्याचे जाहीरपणे सांगितले.

आज डॉक्टर सांगतात की स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. तिची सुरुवात बहुधा जन्माआधीच होते आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. आई कामाला गेल्याने, लस टोचल्याने, करणीने किंवा मागच्या जन्माच्या पापाने ती होत नाही. लशीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा 1998 चा लेख तो छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला.

या खुणांकडे लक्ष द्या

- एक वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही पाहत नाही, बडबडत नाही.
- दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
- दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही.
- आधी बोलत असलेले शब्द बोलणे बंद होते.
- तीच हालचाल पुन्हा पुन्हा करते. कुकरची शिट्टी, बँड अशा आवाजांनी फार घाबरते.

एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच असे नाही. निदान डॉक्टरच करतील. पण "याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणत वर्ष घालवू नका.

कुठे जायचे?

अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासते आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. पथकाची वाट पाहण्यापेक्षा सरळ सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवले तरी चालते. कानाची तपासणी जरूर करून घ्या. ऐकू न आल्यामुळेही मूल हाकेला वळत नाही.

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. वाचा-उपचार आणि रोजची कामे शिकवणारे उपचार लवकर सुरू झाले, तर मूल खूप काही शिकते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. त्यावर केंद्र सरकारच्या 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. मूल वेगळे आहे म्हणून शाळेने प्रवेश नाकारला, तर लेखी कारण मागा.

घरी काय करायचे?

मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसून थोडक्या शब्दांत बोला. "पाणी हवं?" म्हणताना पेला दाखवा. जेवणझोपेची वेळ ठरलेली ठेवा. मोबाईलमुळे स्वमग्नता होत नाही, पण मोबाईल हातात असला की बोलण्याखेळण्याचा वेळ जातो. मारू नका. ते हट्ट करत नसते, बऱ्याचदा त्याला आवाज किंवा गर्दी सोसत नसते.

आईलाही आधार लागतो. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते.

त्या मुलाचे कान ठीक निघाले, निदान स्वमग्नतेचे झाले. आई आठवड्यातून एक दिवस अर्ध्या कामाची सुटी घेऊन त्याला उपचाराला नेते. त्या दिवशी शेजारीण तिच्या मुलीला सांभाळते. अजून तो वाक्य बोलत नाही. पण माठाकडे बोट दाखवून "पा" म्हणतो. हीच शेजारीण आधी आईला बोल लावत होती.