'अर्धसत्य' : फौजदार वेलणकर कोठे हरला?



गुन्हेगारीवरचे चित्रपट आपल्या घरातली मुले टीव्हीवर आणि मोबाईलवर नेहमी पाहतात. शेवटी खलनायक मेला की टाळ्या पडतात आणि विषय संपतो. पण काही चित्रपटांचा शेवट विचार करायला लावतो. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) हा त्यांपैकी एक. भाषा हिंदी असली तरी त्याची मुळे मराठी आहेत. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून घेतलेले नाव. ओम पुरी यांना यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज आपण त्याच्या शेवटच्या प्रसंगाचा अभ्यास करू या.

गोष्ट थोडक्यात

अनंत वेलणकर हा मुंबईतील तरुण, प्रामाणिक फौजदार. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या गुंडाला तो पकडायला जातो. शेट्टी एक फोन करतो आणि वेलणकरला हात हलवीत परत यावे लागते. वस्तीतील बायकांना त्रास देणाऱ्या गुंडांना तो चोप देतो. ते आमदाराची माणसे निघतात. निलंबनाची वेळ येते. तेव्हा वरिष्ठ अधिकारी हैदर अली (शफी इनामदार) त्याला वरपर्यंत ओळखी असलेल्या एका मध्यस्थाकडे नेतो. प्रकरण मिटते. नंतर जिवावर उदार होऊन पकडलेल्या डाकूचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. वेलणकर दारूच्या आहारी जातो आणि रेडिओ चोरणाऱ्या एका भुरट्या चोराला कोठडीत मरेपर्यंत मारतो.

आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, रामा शेट्टी. तो आता निवडणूक लढवणारा पुढारी झाला आहे. वेलणकर त्याच्या दारी जातो. शेट्टी खूश होऊन त्याला आपल्या बाजूला यायला सांगतो. संतापलेला वेलणकर त्याला ठार मारतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो.

१. तडजोड कधी सुरू झाली?

वेलणकर पैशाला विकला गेला नाही. त्याची तडजोड 'चांगल्या' कामासाठी होती. त्याची बाजू खरी होती, आणि खरी बाजू वाचवण्यासाठी त्याने वशिला स्वीकारला. पण ज्या वाटेने आमदाराचा दबाव आला त्याच वाटेने त्याची सुटका आली. एकदा ती वाट वापरल्यावर शेवटी ती शेट्टीच्या दारापर्यंत गेली. आपणही जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत किंवा पकडलेली मोटारसायकल सोडवायला ठाण्यात जाताना आधी 'ओळख' शोधतो. काम आपल्या हक्काचे असते, म्हणून मनाला टोचत नाही. पण ज्याची ओळख नाही, त्याचा हक्क त्या दिवशी आणखी मागे पडतो.

२. हेतू चांगला असला की पुरे?

संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारानुसार कोणत्याही कृतीकडे तीन बाजूंनी पाहावे : प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. मूळ कृतीच वाईट असेल, तर चांगल्या हेतूने ती चांगली होत नाही. शेट्टीसारख्या माणसाविषयी संताप येणे योग्यच आहे. पण खटला नाही, साक्ष नाही, निकाल नाही, आणि माणूस मेला. भुरट्या चोराच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते. हात तेच होते. चोराच्या मरणाने आपण हळहळतो आणि शेट्टीच्या मरणाला टाळ्या वाजवतो, तेव्हा आपलेही सत्य अर्धेच राहते.

३. कोठडीतला माणूस

चित्रपट पाहून आलेल्यांना शेट्टी आठवतो. चोर कोणाला आठवत नाही. तो गरीब होता, त्याच्यासाठी फोन करणारे कोणी नव्हते. अशा माणसासाठीच कायदा असतो. आपल्या राज्यघटनेच्या २२व्या कलमानुसार अटक झालेल्याला २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले की अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीने व्हावी, नातेवाइकांना कळवावे आणि कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. हे पाड्यापाड्यांवर माहीत असायला हवे. यासाठी कोणाचा वशिला लागत नाही.

दुसरी बाजूही आहे. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना राजकीय दबावापासून मोकळे ठेवण्यासाठी निर्देश दिले. याचा अर्थ वेलणकरचे दुखणे एकट्याचे नव्हते. तरीही व्यवस्था वाईट आहे म्हणून माणसाची सद्सद्विवेकबुद्धी रजेवर जात नाही.

४. शेवटची पावले

चित्रपटाचा खरा शेवट शेट्टीच्या घरी होत नाही, तो ठाण्यात होतो. वेलणकरला पश्चात्ताप झाला की नाही, हे आपण ठरवू नये. पण एका प्रकरणात शेट्टीने फोन केला होता, दुसऱ्या प्रकरणात हैदर अलीने ओळख काढली होती. शेवटी मात्र वेलणकर कोणालाही मध्ये घालत नाही. 'हे मी केले', एवढेच तो आपल्या पायांनी चालत जाऊन सांगतो. उरलेले अर्धे सत्य तेथे सुरू होते. दुःख एवढेच, की हे पाऊल दोन माणसे मेल्यावर पडले.

आपल्यातील काही मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांनी संत लूकच्या शुभवर्तमानातील तिसरा अध्याय (ओवी १४) जरूर वाचावा. शिपाई योहानला विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. जुलमाने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, असे सांगतो. म्हणजे खाकी वर्दीतही देवाची सेवा घडते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. हक्काच्या कामासाठी गेल्या वर्षभरात आपण कोणाचा वशिला लावला? त्याची किंमत कोणी मोजली?
२. चोर म्हणून पकडलेल्याला गावात मारहाण होते, तेव्हा आपण कोठे उभे असतो?
३. आपल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर आपण आधी कोणाकडे जाऊ : पुढाऱ्याकडे, की त्याला घेऊन ठाण्यात?