भिंतीवरचं चित्र कुणाचं? जिव्या सोमा म्हसे यांच्या कामातून आपल्या गटाला धडा



मागच्या दिवाळीआधी पैठण तालुक्यातल्या एका गटाने कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढून विकायचं ठरवलं. साचे मीच नेऊन दिले होते. पिशव्या छान झाल्या. मग लेबलवर काय लिहायचं, असा प्रश्न निघाला. मी पटकन म्हणाले, "लिहा, अस्सल वारली कला." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आगं पोरी, वारली म्हंजी कोण? आपल्यात तर कुणी वारली न्हाई. मग अस्सल कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारली हे नक्षीचं नाव नाही, माणसांचं नाव आहे, एवढंही मी गटाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते.

चौक काढायचा मान बायकांचा

वारली हा पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातला आदिवासी समाज. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा आणि बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याने चित्र काढायचं, ही त्यांची पद्धत. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचं अंग झालं. गोल, त्रिकोण, चौकोन, एवढ्यावर सगळं जग उभं राहतं.

लग्नघरात भिंतीवर 'चौक' काढतात आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. हा चौक काढायचा मान सवाशिणींचा. लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी करणारी धवलेरी, तीसुद्धा बाईच. म्हणजे आज पिशवीवर, साडीवर, हॉटेलच्या भिंतीवर दिसणारी ही कला मुळात बायकांच्या हातची आहे. पण पुढचं लग्न आलं की भिंत पुन्हा सारवली जायची. चित्र मिटायचं. काढणारीचं नाव कुठे लिहिलेलं नसायचं.

अबोल मुलगा ते पद्मश्री

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आई गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणंच बंद झालं. कित्येक वर्षं तो मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगायचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहिले, शेतावर राबले.

१९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारच्या हस्तकला विभागाच्या कामासाठी या पाड्यांवर आले. त्यांनी सोबत कागद आणि रंग आणले होते. म्हसेंनी तो कागद हातात घेतला आणि मग थांबलेच नाहीत. लग्नाची वाट न बघता ते रोज काढू लागले. पेरणी, मळणी, तारप्याचा नाच, मुंग्यांची रांग, मासे धरायचं जाळं. त्यांचं जाळ्याचं चित्र बघाल तर बारीक रेघांनी अख्खा कागद भरलेला असतो, आणि तरी जाळं हलतंय असं वाटतं.

१९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार झाली.

मग बायकांचं काय?

इथे मला थांबावंसं वाटतं. भिंतीवर होतं तोवर चित्र बायकांचं होतं. कागदावर आलं, त्याला नाव आणि भाव मिळाला, तेव्हा पुढे आलेली नावं बहुतेक पुरुषांची होती. यात म्हसेंचा दोष नाही. त्यांनी आयुष्य घातलं त्या कामात. पण धडा आपल्यासाठी आहे. घरातलं काम "बाईचं रोजचंच" म्हणून मोजलं जात नाही, आणि तेच काम बाहेर गेलं की त्याची कला होते. बाहेर नेताना नाव कुणाचं लागतं, हे बघायला आपण तिथे असलं पाहिजे.

नाव चोरीला जातं

हे फक्त आपल्याकडेच नाही. कॅनडात ओजिब्वे नावाचा आदिवासी समाज आहे. त्यांच्यातले नॉर्वल मॉरिसो आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी झाडाच्या सालीवर, कागदावर रंगवायचे. १९६२ मध्ये टोरांटोत त्यांचं प्रदर्शन भरलं आणि सगळी चित्रं विकली गेली. पुढे त्यांच्या नावाची खोटी चित्रं इतकी निघाली की २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांनी हजाराच्या वर चित्रं जप्त केली आणि आठ जणांवर गुन्हे दाखल केले. चित्र दुसऱ्याचं, सही त्यांची!

आपल्या देशात अशा फसवणुकीवर एक उपाय आहे, भौगोलिक मानांकन. आपल्या पैठणीला ते आहे, तसंच वारली चित्रांनाही आहे. दुसरीकडे यंत्रावर विणलेली साडी "अस्सल पैठणी" म्हणून विकली तर आपल्या विणकराच्या पोटावर पाय येतो ना? मग वारली बाईच्या पोटावर आपण पाय कसा द्यायचा?

गटाने काय ठरवलं

पिशव्या टाकून दिल्या नाहीत. लेबल बदललं: "वारली चित्रांवरून प्रेरणा घेऊन आमच्या गटाने तयार केलेली पिशवी." खाली गटाचं आणि गावाचं नाव. पालघट देवीचा साचा मात्र बाजूला ठेवला, कारण ती पूजेची गोष्ट आहे, पायात येणाऱ्या वस्तूंवर ती जाऊ नये.

आणि पुढच्या बैठकीला त्याच आजी एक वाकळ घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, कडेने बारीक टाक्यांची नक्षी. म्हणाल्या, "ही कुणाची, ते तरी सांगता येईल." अख्खा गट हात लावून बघत होता. त्या टाक्यांचा नमुना त्यांना त्यांच्या आईने शिकवलेला. आजवर त्यांनी एकही वाकळ विकली नव्हती, कारण "ह्याला कोण पैसं देणार?"

पुढच्या बैठकीत बोलूया

१. आपल्या गावात आई-आजीकडून आलेलं कोणतं हातकाम आहे? वाकळ, रांगोळी, रुखवत, जात्यावरची ओवी, काहीही चालेल. यादी करा आणि कुणाकडून शिकलात तिचं नाव समोर लिहा.

२. एक वस्तू निवडा. कापड, दोरा आणि लागलेले दिवस मांडा. स्वतःच्या मजुरीचा रकाना रिकामा सोडू नका.

३. दुसऱ्याची नक्षी वापरत असाल तर लेबलवर खरं काय ते लिहा.

४. विकताना वस्तूवर करणारीचं नाव टाका.

यादी झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत सीआरपी ताईंकडे द्या. आजींची वाकळ अजून विकलेली नाही. भाव काय लावायचा, यावर गटात दोन बैठका झाल्या, तिसरी व्हायची आहे.