जनरेटर घेण्याआधी

रत्नागिरी

चि. अद्वैत यास,


बोटीचे आणि एसीच्या नेमप्लेटचे फोटो मिळाले. १६,००० बीटीयूचा हा एसी २२०० वॅटच्या पोर्टेबल जनरेटरवर चालेल का, असं तू विचारलंस. चालेल. पण तो कुठे ठेवायचा आणि कधी चालवायचा हे तू विचारलं नाहीस, आणि माझ्या पत्राचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

आधी हिशेब. नेमप्लेटवर ११५ व्होल्ट आणि साधारण १२ अँपिअर आहेत, म्हणजे चौदाशे वॅट धर. समुद्राचं पाणी खेचणारा पंप वेगळा, त्याचे शंभरेक वॅट. जनरेटरवरचा २२०० हा आकडा थोड्या वेळापुरता असतो. तू म्हणतोस त्या होंडाचं सलग चालण्याचं रेटिंग १८०० वॅट आहे. चालू लोड त्यात बसतो. अडतं ते कॉम्प्रेसर सुरू होताना. त्या क्षणी तो नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो, तेवढा इन्व्हर्टर जनरेटर देऊ शकत नाही आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लावून सप्लाय तोडतो. म्हणून कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवून घे. इको स्विच बंद ठेवून इंजिन पूर्ण वेगात असताना एसी लाव. गीझर आणि बॅटरी चार्जरचे ब्रेकर त्याआधी पाड. एकटा गीझरच सगळा जनरेटर खाईल.

एवढं जमलं तरी तुझ्या तिकडच्या चेसापीकच्या उपसागरात उन्हाळ्यात एक खोडी आहे. तिथे जेलीफिशचं पीक येतं आणि त्यांचा लगदा पंपाच्या स्ट्रेनरमध्ये अडकतो. पाणी कमी झालं की कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि जनरेटर ट्रिप होतो. लोक मग जनरेटरला दोष देतात. तू आधी बोटीच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार बघ. ती बारीक झाली असेल तर स्ट्रेनर उघड.

वायर बोटीच्या शोअर सप्लायच्या सॉकेटलाच लाव. सॉकेट एकच असलं की धक्क्यावरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाण्याची शक्यताच उरत नाही. वेगळी लाइन ओढायची असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच. त्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे पॅनेलवरचा उलट पोलॅरिटीचा दिवा मंद पेटेल. त्यासाठी बोटीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडू नकोस. हा जोड नेहमी उगमापाशी, म्हणजे जनरेटरच्या बाजूला. तिथल्या मरीन इलेक्ट्रिशियनला पैसे देऊन करून घे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या बोटीचं इंजिन डिझेलचं आहे. तिच्यात पेट्रोलच्या वाफा बाहेर फेकणारा ब्लोअर नाही, की ठिणगी बाहेर पडू न देणारी स्विचगिअर नाही. जनरेटरबरोबर तू त्या बोटीवर पेट्रोल आणणार आहेस, ज्यासाठी ती बांधलेलीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती ओघळत बोटीच्या तळाला, बिल्जमध्ये जाऊन बसते. म्हणून जनरेटर किंवा कॅन कुठल्याही लॉकरमध्ये ठेवायचा नाही. भरायचं ते इंजिन गार झाल्यावर, धक्क्यावर उतरवून.

आणि धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि बोटीवर माणसाला वाटतं की बोट लागली. झोपलेल्याला तेही कळत नाही. ऑगस्ट २००० मध्ये लेक पॉवेलवर दोन भाऊ हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली पोहत गेले. जनरेटरचा धूर त्या पोकळीत सुटत होता. दोघंही गेले. उघड्या तलावात, भर उन्हाळ्यात. एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंडच्या विंडरमिअर तलावावर एक आई आणि तिची मुलगी बोटीच्या केबिनमध्ये अशाच दगावल्या. तिथे पोर्टेबल जनरेटर इंजिनच्या कप्प्यात बसवून त्याला जुगाड एक्झॉस्ट जोडलेला होता. त्यांना फक्त ऊब हवी होती, जसा तुला गारवा हवाय.

तू म्हणशील, मी मागे उघड्यावर ठेवेन. नांगरावरची बोट नाळ वाऱ्याकडे करून उभी राहते आणि धूर मागे उडून जातो, हे संध्याकाळपर्यंत खरं. रात्री वारा पडतो. मग बोट वाऱ्याचं ऐकत नाही, ओहोटीचं ऐकते, आणि खाडीचा प्रवाह तिला फिरवून ठेवतो. पहाटे मागून झुळूक आली की तोच धूर कॉकपिटच्या खड्ड्यात साठतो आणि तिथून जिन्याच्या दारातून, लॉकरच्या फटींतून, वायरी गेल्यात त्या भोकांतून आत शिरतो. बोटीचा एसी केबिनचीच हवा फिरवत राहतो, ताजी हवा आत घेत नाही. आत आलेलं विष आतच राहतं. शेजारी नांगरलेल्याचा जनरेटर असला तरी हेच.

शिवाय पूर्ण लोडवर त्याची ३.६ लिटरची टाकी जेमतेम तीन तास जाते. म्हणजे रात्रभर गारवा हवा तर मध्यरात्री दोनदा उठून, डुलत्या बोटीवर, तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचं. असं काम मी माझ्या हाताखालच्या कुणाला कधी करू दिलं नसतं.

म्हणून माझं मत सांगतो. दिवसा, सगळे जागे आणि डेकवर असताना, जनरेटर मागे बांधून, एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूला करून, वाऱ्यावर लक्ष ठेवून तास-दोन तास केबिन गार करून घ्यायची असेल तर एक वेळ समजू शकतो. कुणी झोपलं असताना अजिबात नाही. दुपारच्या वामकुक्षीलासुद्धा नाही. झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये बोटीसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म लाव आणि त्याच्या मागची मुदतीची तारीख बघ. अलार्म लावला म्हणून रात्री जनरेटर चालवायला मोकळीक मिळाली असं समजू नकोस.

ताईला उकाडा सोसत नाही, म्हणून तुझी ही धडपड, हे मला कळतं. ती ऑगस्टमध्ये येईल तेव्हा रात्रीचा मुक्काम मरीनात कर, शोअर सप्लाय घे आणि एसी हवा तेवढा चालव. डेकवर पांढरी ताडपत्री बांध, निम्मा उकाडा तिथेच कमी होतो. नांगरावरच झोपायचं असेल तर ५,००० बीटीयूचं छोटं युनिट, चारशे अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर असा विचार कर. असा छोटा एसी तासाला अर्धं युनिट वीज घेतो, आठ तासांची चार. बॅटऱ्यांत पाच भरतात. खर्च जनरेटरच्या वर जाईल. तो करावा असं मला वाटतं, आणि कमी पडत असेल तर संकोच न करता मला सांग.

जनरेटर घेण्याआधी मला फोन कर, आणि अलार्म लावले की त्यांचे फोटो पाठव.

तुझा,
मामा